वाचक विचारतात : शब्दांचे चित्र आणि कागदाचे आयुष्य

प्रश्न : काँक्रीट कवितांची (शब्द आणि अक्षरे पानावर मांडून चित्रासारखी रचलेल्या कवितांची) सुमारे दोनशे सुटी पाने आणि काही लघुअनियतकालिके आमच्याकडे जमली आहेत. सूची पहिल्या ओळीवरून करावी का?

नेहमीच्या कवितेला ते चालते, इथे फसते. काँक्रीट कवी ऑयगेन गोमरिंगर यांची ‘श्वायगेन’ ही जर्मन कविता घ्या. ‘मौन’ या अर्थाचा एकच शब्द चौदा वेळा येतो, तीन-तीनच्या पाच ओळींत. मधल्या ओळीतली मधली जागा तेवढी कोरी, आणि कविता त्या कोऱ्या जागेतच आहे. पहिल्या ओळीच्या सूचीत एक शब्द तीनदा दिसेल, बाकी काही नाही.

म्हणून प्रत्येक पानाची नोंद एखाद्या चित्रासारखी करा : लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, कागदाचा रंग, तंत्र (टाइपरायटर, रबरी शिक्के, लेट्रासेट म्हणजे घासून उमटवायची तयार अक्षरे, सायक्लोस्टाइल म्हणजे स्टेन्सिलवरून काढलेल्या प्रती), घड्या, पाठीमागचा मजकूर. मग रचनेचे एका वाक्यात वर्णन. पान कोणत्या बाजूने उभे धरायचे हे ठाऊक असेल तर तेही लिहा; नंतर कळायला मार्ग नसतो.

काँक्रीट आणि दृश्यकविता यांचे वेगळे गठ्ठे मात्र करू नका. ती सीमा अभ्यासकांतही वादाची आहे. रूथ आणि मार्विन सॅकनर यांनी १९७९मध्ये मायामीत सुरू केलेल्या संग्रहाच्या नावातच दोन्ही शब्द आहेत. तो २०१९मध्ये आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे गेला, तेव्हा त्यात सुमारे ७५,००० वस्तू होत्या. एका पाकिटातून आलेले पत्र, कविता आणि लिफाफा एकत्रच राहू द्या.

प्रश्न : लेट्रासेटची अक्षरे सुटू लागली आहेत. पाने पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत घातली तर?

थांबा! एरवी पॉलिएस्टर उत्तम, पण त्यावर स्थिर वीज साचते आणि सैल अक्षर पाकिटालाच चिकटून वर येते. घासून उमटवलेल्या या अक्षरांना कागदाशी धरून ठेवतो तो फक्त डिंकाचा पातळ थर. तो वाळला की पान किंचित वाकले तरी टवका उडतो. असे पान आडवे, अक्षरे वर, आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या खोलगट चौकटीत ठेवा, म्हणजे वरचा पुठ्ठा अक्षरांना टेकणार नाही. ब्रश फिरवू नका, फिक्सेटिव्हचा (चित्र पक्के करणाऱ्या द्रवाचा) फवारा तर नकोच : त्यातल्या द्रावकाने अक्षर विरघळू शकते. सुटलेले अक्षर छोट्या कागदी पाकिटात घालून पानाचा क्रमांक लिहा.

पीव्हीसीची पाकिटे, सेलोटेप आणि लॅमिनेशन कोणत्याच पानाला नको. गंजलेल्या पिना पाय सरळ करून काढा, ओढून नव्हे. सायक्लोस्टाइलची काळी शाई टिकते, खालचा हलका कागद पिवळा पडून तुकडे होतात. स्पिरिट डुप्लिकेटरची (स्पिरिटने रंग उतरवून प्रती काढणाऱ्या जुन्या यंत्राची) जांभळी प्रत उलट : कागद बरा असतो, रंग उजेडाने उडतो. ती प्रदर्शनात मांडू नका, छायाप्रत मांडा. खोलीचे तापमान १८ ते २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ३५ ते ५० टक्के असावी. रोजचा चढउतार जास्त घातक.

प्रश्न : स्कॅन करताना काय सांभाळावे?

आधी यंत्राची ‘हुशारी’ बंद करा. तिरके पान आपोआप सरळ करणारी सोय मुद्दाम तिरकी टाइप केलेली ओळ पाहून पानच फिरवू शकते, कडा कापणारी सोय समास खाते, आणि कोरी पाने गाळणारी सोय मालिकेतले मुद्दाम कोरे ठेवलेले पान गिळते. स्कॅन रंगीत, ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके), टिफ या फाइल-प्रकारात. ए-४ पानाची फाइल साधारण १०० एमबी होईल. चारही कडा दिसू द्या, शेजारी मोजपट्टी आणि रंग ताडून पाहायची रंगपट्टी ठेवा. भोके पाडलेले पान एकदा पांढऱ्या, एकदा काळ्या पाठकागदावर घ्या. टाइपरायटरने एकावर एक ठोकलेल्या अक्षरांचा उठाव स्कॅनरला नीट दिसत नाही. त्यासाठी बाजूने तिरपा प्रकाश टाकून छायाचित्र काढावे. ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणारी सोय) चालवलेच तर तो मजकूर फक्त शोधासाठी ठेवा, कवितेचा पाठ म्हणून नाही. सुटी अक्षरे असलेली पाने मात्र स्कॅनरवर पालथी घालू नका, त्यांचे वरूनच छायाचित्र घ्या.