विकास झाला की समाजातली भांडणं कमी होतात का?

विकास झाला की भांडणं मिटतात असं म्हणतात, पण माझा अनुभव वेगळा आहे. मी बेळगावच्या वडगावचा. घरी थोडी भातशेती आहे, आणि उद्यमबागेत एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, साचे बनवायच्या कामाला आहे.

बाहेरचे लोक म्हणतात, हाताला काम मिळालं की सीमाभागातला भाषेचा वाद आपोआप मिटेल. मग सीमाभागातलंच निपाणी बघा. तंबाखूमुळं तिथं पैसा खेळत होता, पण भाव व्यापारी ठरवायचे. १९८१ साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या हाकेवर तंबाखूवाले शेतकरी पुणे-बेंगळूर महामार्गावर बसले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. पैसा नव्हता म्हणून ते बसले नव्हते. आपल्याच मालाच्या भावात आपल्याला कुणी विचारत नाही, हे त्यांना सोसवेना.

आमच्या शिवारातही तेच झालं. बळ्ळारी नाल्याकाठची जमीन, बासमती पिकवणारी. तिथून रस्ता जाणार म्हणून नोटीस आली, ती नुसती कानडीत. वडील मराठी शाळेत शिकलेले, त्यांना ती वाचता येईना. शेवटी शेजारच्या कानडी मास्तरांनी वाचून दाखवली, तोवर हरकत घ्यायची मुदत उलटून गेली होती. घरात त्या रात्री जमिनीवर कुणी बोललं नाही, सगळा राग कानडीवर निघाला. आणि बांधापलीकडचा कानडी शेतकरी? त्याला नोटीस वाचता आली, हरकतही वेळेत दिली, तरी त्याची जमीन गेलीच. आम्हा दोघांचं दुखणं एकच होतं, पण ते आम्ही एकत्र मांडलंच नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

फौंड्रीत असं होत नाही. भट्टीसमोर मराठी-कानडी मिसळूनच बोलतात, कारण तिथं कुणाचं काही हिरावलं जात नाही. पण डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला, ट्रकांवर दगड पडले, एसटी बंद झाल्या, तेव्हा आमचा कोल्हापूरला जाणारा मालही अडकला.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ पासून केंद्राची एक तरतूद आहे. एखाद्या भागात त्यांची वस्ती १५ ते २० टक्के असेल, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. तेवढं झालं असतं तर जमीन वाचली असती असं मी म्हणत नाही. पण वडिलांचं म्हणणं निदान कागदावर आलं असतं.