विहिरीच्या पाण्यात नायट्रेट 118: बाळासाठी उकळून चालेल का?

ताई, विहिरीच्या अहवालात नायट्रेट 118 मिग्रॅ प्रति लिटर आलंय, घरात लेक बाळंतपणाला आलीय, बाळ दीड महिन्याचं आहे आणि पाणी उकळून वापरताय, असं तुम्ही लिहिलंय. हे पाणी बाळाला उकळूनही देऊ नका. उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट मात्र मिठासारखं विरघळलेलं असतं, ते पातेल्यातच राहतं. पाच लिटर पाणी आटून चार लिटर झालं की 118 चे 148 होतात. तुरटी, टीसीएल (ब्लीचिंग पावडर), कँडल फिल्टर, यूव्ही यांनीही ते जात नाही.

आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार मर्यादा 45 आहे आणि त्यात सवलत नाही. अहवालात ‘नायट्रेट’ लिहिलंय की ‘नायट्रेट नायट्रोजन’, तेवढं बघून घ्या. दुसरं असेल तर आकडा 4.43 ने गुणावा लागतो.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला धोका सर्वात जास्त. नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. अंगावरचं दूध निर्धोक आहे, ते चालूच ठेवा. खरा धोका पावडरचं दूध कालवण्यात आणि सहाणेवर गुटी उगाळताना घेतलेल्या त्या चमचाभर पाण्यात. गुटी बंदच केलेली बरी. आंघोळीला हे पाणी चालेल, तोंडात जाऊ देऊ नका. ओठ, नखं निळसर-राखाडी दिसली किंवा बाळ मलूल पडलं तर लगेच दवाखाना गाठा आणि पाण्यातल्या नायट्रेटचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

घरगुती उपाय म्हणजे आरओ. पण बसवणारा माणूस चव यावी म्हणून टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलरचा स्क्रू सैल करतो, आणि तिथेच घात होतो. त्या वाटेनं कच्चं पाणी थेट मिसळतं. आरओतून 15 चं पाणी निघालं आणि त्यात तिसरा हिस्सा विहिरीचं मिसळलं, की नळाला जवळजवळ 50 येतात. तो स्क्रू पूर्ण बंद करून घ्या. टीडीएस मीटरवर विसंबू नका, त्याला नायट्रेट वेगळं ओळखता येत नाही. नळाचंच पाणी प्रयोगशाळेतून तपासा, मेंब्रेन जुनी झाली की पुन्हा तपासा. तोवर बाळासाठी नायट्रेट तपासलेलं दुसरं पाणीच आणा. ते मात्र उकळून, निववून द्या.

आता मूळ कारण. मातीचे कण ऋणभारित असतात आणि नायट्रेटही ऋणभारित, त्यामुळे माती ते धरून ठेवत नाही. पाण्याबरोबर ते मुरमातून थेट विहिरीत उतरतं. 45 किलोच्या युरियाच्या एका गोणीत 20.7 किलो नत्र असतं. ते सगळं नायट्रेट होऊन खाली गेलं, तर सुमारे 20 लाख लिटर स्वच्छ पाणी 45 च्या मर्यादेवर नेऊन ठेवतं. म्हणून युरिया हप्त्यांनी द्या, आणि टाकल्यावर मोकाट पाणी सोडू नका.

विहिरीजवळ उकिरडा, गोठ्याचं मुताचं डबकं किंवा शोषखड्डा आहे का? अहवालात क्लोराईडही जास्त आणि जंतूही असतील, तर संशय आधी तिकडे घ्या. उकिरडा उताराच्या खालच्या बाजूला, विहिरीपासून लांब हलवा. एवढं करूनही आकडा लगेच उतरणार नाही, मुरलेलं नायट्रेट निघायला वर्षं लागतात.

पुढचा नमुना पावसाळा संपल्यावर घ्या आणि एक उन्हाळ्यात. पंप दहा मिनिटं चालवा, लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. जंतूंसाठी त्यांच्याकडूनच वेगळी निर्जंतुक बाटली मागून घ्या. ती मात्र विसळायची नाही.