सातशे सोंगे आणि एक 'वेषांतर'

प्रश्न असा आला आहे: 'लंडनच्या डेव्हनशायर हाउसमध्ये 1897 साली झालेल्या फॅन्सी ड्रेस बॉलवर लेख लिहिते आहे. इंग्रज सरदार-उमरावांनी तिथे घातलेल्या ऐतिहासिक कपड्यांना "वेशभूषा" म्हणावे की "वेषभूषा"? आणि "सर्व पाहुण्यांनी वेषांतर केले होते" हे वाक्य बरोबर आहे ना?'

श की ष, ते मागाहून. आधी ते वेषांतर निस्तरू. हा शब्द हल्ली कुठेही चिकटवलेला दिसतो आणि दर वेळी माझे डोके उठते. गेल्या डिसेंबरात पुतण्याच्या मुलीच्या बालवाडीतून कागद आला, 'वेशांतर स्पर्धा, पालकांनी वेळेवर यावे'. पोरगी साडेतीन वर्षांची. काजळाच्या मिशा, डोक्यावर पुठ्ठ्याची पगडी, हातात माझा जुना 'केसरी'. व्यासपीठावरच्या बाईंनी लाडाने विचारले, 'तुम्ही कोण?' पोरगी ठणकावून म्हणाली, 'मी चिकू!' सभागृह हसले. मी मात्र मनात म्हटले, बरोबर बोलली. ती चिकूच होती आणि टिळकांचे सोंग घेऊन आली होती. वेषांतर केले असते तर तिने नाव लपवले असते.

ताई, वेषांतर कशासाठी करतात? ओळखू येऊ नये म्हणून. हेर करतात, फरारी करतात, राजावर वेळ आली तर राजाही करतो. तुमच्याच इंग्लंडातले उदाहरण घ्या. 1651 साली वुस्टरच्या लढाईत दुसऱ्या चार्ल्सचा धुव्वा उडाला. पार्लमेंटचे शिपाई मागावर. राजाने लांब केस कापून टाकले, अंगावर जाडेभरडे खेडवळ कपडे चढवले, बॉस्कोबेलच्या ओकवर बसून दिवस काढला आणि पुढे नोकर बनून वाट काटत काटत फ्रान्स गाठला. हे वेषांतर. याच्या बरोबर दोनशे वर्षांनी, 13 जून 1851 रोजी, राणी व्हिक्टोरियाने बकिंगहॅम राजवाड्यात नृत्यसमारंभ केला आणि पाहुण्यांना सांगितले की याच दुसऱ्या चार्ल्सच्या काळातले कपडे घालून या. राणीचा पोशाख अजेन लामी या फ्रेंच चित्रकाराने रेखला होता आणि तो आजही राजघराण्याच्या संग्रहात आहे. आता सांगा, राणीला ओळखू न येण्याची हौस होती का? राजाने जीव वाचवायला केले ते वेषांतर, राणीने मिरवायला आणले ते सोंग. एकाच काळाच्या कपड्यांत दोन्ही शब्द एवढे स्वच्छ वेगळे निघालेले मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

डेव्हनशायर हाउसचेही तेच. व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून त्या उन्हाळ्यात लंडनला उत्सव चालू होता, त्यातच 2 जुलैला, शुक्रवारी, पिकॅडिलीवरच्या या वाड्यात डचेसने सुमारे सातशे जणांना बोलावले. अट अशी की पोशाख रूपकात्मक तरी हवा किंवा ऐतिहासिक, आणि ऐतिहासिक असेल तर 1815 च्या आधीचा. म्हणजे वॉटर्लूच्या पलीकडचे काही चालणार नाही. कोण कोण झाले होते त्याच्या याद्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून आल्या. लाफाएत नावाच्या छायाचित्रकाराने वाड्याच्या बागेत तंबू ठोकला होता. नाचून दमलेले सम्राट आणि सम्राज्ञी एकेक करून तिथे जात, रंगवलेल्या पडद्यापुढे उभे राहत आणि चेहरा सरळ ठेवून फोटो काढून घेत. दोन वर्षांनी त्यातल्या 286 जणांचा आल्बम खाजगीरीत्या छापला गेला, प्रत्येकाचे खरे नाव आणि सोंगाचे नाव यांसकट. वेषांतराचा आल्बम काढतात का कोणी?

मुखवट्यांचा नाच, म्हणजे मास्करेड, ही गोष्ट वेगळी. तिथे तोंड झाकलेले, कोण कोणाशी बोलतो याचा पत्ता नाही, त्यातच त्याची गंमत. त्यासाठी वेषांतर वापरा, माझी हरकत नाही. (मास्क आणि आपली अरबीतून आलेली मस्करी ही भावंडे आहेत असे मानणारे बरेच आहेत, न मानणारेही आहेत. त्या भांडणात आज पडत नाही.) आणि 'बहुरूपी नृत्य' असा प्रतिशब्द सुचवणाऱ्यांना एवढेच, की बहुरूपी एकच माणूस अनेक रूपे घेतो, दारोदार फिरतो आणि पसाभर धान्य मागतो. डेव्हनशायरच्या ड्यूकने एकच रूप घेतले होते, सम्राट पाचव्या चार्ल्सचे, आणि त्याला धान्य नको होते.

तर शब्द आहे सोंग. हा शब्द म्हटला की शिष्ट मंडळी नाक मुरडतात. एका गृहस्थांनी मला भर सभेत ऐकवले, की सोंग म्हणजे ढोंग, ते युवराजांना लावणे अनादराचे आहे. युवराजांच्या आदराची काळजी पुण्यात बसून करायची काही गरज नाही. वेल्सचे युवराज त्या रात्री सेंट जॉनच्या लढवय्या पंथाचे महंत झाले होते आणि त्यांच्या पत्नी सोळाव्या शतकातल्या मार्गरेट द व्हाल्वा. दोघांनी ते आनंदाने केले. ढोंगात फसवणूक असते. सोंगात फसणारा कोणीच नसतो. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा नावाच्या उत्सवात संबळाच्या तालावर मुखवटा चढवून देव नाचत येतो, तेव्हा आत कोणाचा कोण आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक असते, आणि तरी बाया हात जोडतात. 'मग झोपेचे सोंग?' असे त्या गृहस्थांनी विजयी मुद्रेने विचारले. अहो, झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही, असे आपण म्हणतो तेव्हा तो जागा आहे हे आपल्याला पक्के माहीत असते. म्हणून तर म्हणतो!

आता जिच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ती व्युत्पत्ती. हिंदीतले स्वांग आणि आपले सोंग एकच, याबद्दल वाद नाही. वाद त्याच्या मागे काय आहे याचा. एक पक्ष म्हणतो, स्व अधिक अंग, झाले स्वांग. 'स्वतःचे अंग'. अर्थ उलटा जातो हे कोणाच्या लक्षात येत नाही का? सोंग हे दुसऱ्याचे असते. यावर उत्तर मिळते की 'स्वतःच्या अंगावर घेतलेले ते स्वांग'. ही व्युत्पत्ती नाही, हे शिंपीकाम आहे. कापड कमी पडले की ठिगळ. शिवाय उच्चाराचे काय? संस्कृतातल्या शब्दारंभीच्या श्व-स्व मधला व मराठीत येईपर्यंत गळतो. श्वशुराचा सासरा झाला, श्वश्रूची सासू झाली. त्या न्यायाने स्वांगाचे सांग व्हायला हवे होते. ते झाले नाही.

माझे मत दुसऱ्या पक्षाला, आणि ते मी सोडणार नाही. सम अधिक अंग. समांग. सारखे अंग, त्याच्यासारखे अंग. दोन स्वरांमधला म मराठीकडे येताना विरघळून अनुनासिक व होतो. ग्रामाचा गांव झाला, नामाचे नांव, आमलकाचा आवळा. (गांव-नांववरचे टिंब 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी पुसले. म चा तेवढाच पुरावा शिल्लक होता, तोही गेला.) तसाच समांगातला म विरघळून सवांग, आणि त्याचे आखडून सोंग. अजून पटत नसेल तर समर्पण घ्या. त्याचे हिंदीत सौंपना झाले आणि आपल्याकडे सोपवणे. सम चा सो झालेला तिथे डोळ्यांपुढे दिसतो. सवंगडीलाही याच गोत्रात ओढून न्यावे असा मला फार मोह होतो. सारीपाटावरची सोंगटी तर मला रात्री झोपू देत नाही, कारण लाकडाचा तुकडा रंग चढवून हुकमत गाजवतो हे सोंग नाही तर काय? पण आवरतो.

या व्युत्पत्तीत मला आवडते ते हे, की सोंगाच्या मुळाशी कापड नाहीच. अंग आहे. पोशाखाचे मूळ फारसी पोशीदनमध्ये, म्हणजे झाकणे. पलंगपोस पलंग झाकतो, पायपोस पाय झाकतो, पोशाख माणूस झाकतो. सोंगात झाकणे नाही, अंगच दुसऱ्यासारखे करायचे. आणि नेमके तेच त्या रात्री कोणाला जमले नाही.

यजमानीण डचेस लुइझा पाल्मायराची राणी झेनोबिया झाली होती, तिसऱ्या शतकातली, रोमशी लढलेली. पोशाख पॅरिसच्या वर्थ या शिवणघरातला. सोनेरी झिरझिरीत घागऱ्यावर तारेने आणि चमकीने काढलेली मोरपिसे, मागे हिरव्या मखमलीचा लांब घोळ, डोक्यावर शहामृगाची पिसे. तो पोशाख चॅट्सवर्थच्या वाड्यात अजून जपलेला आहे. पण फोटो नीट पाहा. कंबर झेनोबियाची नाही, 1897 ची आहे. आत कॉर्सेट आवळलेला आहे, आणि सीरियाच्या वाळवंटात कॉर्सेट नव्हते. क्लिओपात्रा तर दोन आल्या होत्या, लेडी द ग्रे आणि मिसेस आर्थर पॅजेट. शेबाच्या राण्याही दोन. सगळ्यांची शतके वेगळी, देश वेगळे, कंबर एकाच मापाची. हे व्हिक्टोरियाच्या पहिल्या समारंभापासून चालत आलेले. 12 मे 1842 ला ती फिलिपा राणी झाली आणि अल्बर्ट तिसरा एडवर्ड. प्लांशे नावाच्या पोशाखांच्या जाणकाराने वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या समाध्यांवरचे पुतळे बघून कपडे ठरवले होते, सगळे शास्त्रशुद्ध. मग लँडसीअरने दोघांचे चित्र काढले, त्यात चौदाव्या शतकाच्या झग्यातून 1842 ची बाई सरळ दिसते. समांग काही साधत नाही. कापड बदलते, अंग आपल्याच काळाचे राहते.

त्या 1842 च्या समारंभाला एक सबब होती. स्पिटलफील्ड्सच्या रेशीम विणकरांना काम नव्हते. दरबाऱ्यांनी रेशीम घेतले तर त्यांच्या चुली पेटतील, असे सांगण्यात आले. वॉरिकच्या काउंटेस डेझीचीही तीच सबब. तिने 1895 च्या हिवाळ्यात वॉरिक किल्ल्यावर असाच समारंभ केला आणि स्वतः मारी आंत्वानेत झाली. 'क्लॅरियन' या समाजवादी पत्राने तिला धारेवर धरले. ती तडक लंडनला जाऊन संपादक ब्लॅचफर्डच्या पुढ्यात उभी राहिली, की मी लोकांना काम दिले, तुम्ही टीका कसली करता? त्याने तिला उत्पादक श्रम आणि वाया जाणारे श्रम यांतला फरक समजावून सांगितला. बाई हादरल्या, पुढे स्वतः समाजवादी झाल्या. पण दोन वर्षांनी डेव्हनशायर हाउसला पुन्हा मारी आंत्वानेत होऊनच गेल्या. मुंडके उडालेल्या राणीचे सोंग दोनदा आणायला धाडस लागते, हे मान्य.

आणि आपली ती म्हण. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. या म्हणीला मार्लबरोच्या ड्यूकइतका चांगला दाखला मला मराठी मुलखातही मिळालेला नाही. हा ड्यूक त्या रात्री रशियाच्या कॅथरीनच्या दरबारातला फ्रेंच वकील, म्हणजे राजदूत, झाला होता. वर्थकडून आलेला त्याचा मखमली पोशाख मोती आणि हिरे हातांनी टाचून सजवला होता, किंमत 5000 फ्रँक. इंग्लंडात तेव्हा शेतीचे उत्पन्न घटलेले, अमेरिकेतला गहू स्वस्तात येऊन पडत होता आणि बड्या बड्या वाड्यांची छपरे गळत होती. मग हे मोती कुठून आले? 1895 च्या नोव्हेंबरात ड्यूकने न्यूयॉर्कच्या कन्सुएलो व्हँडरबिल्टशी लग्न केले होते आणि करारात 25 लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर आले होते. वकिलाचे सोंग त्याचे, पैसे सासऱ्याचे. (श्वशुर, सासरा. व गेला, पैसे आले.) ही कन्सुएलो त्या रात्री वकिलाची बायको झाली होती, सहाएक महिन्यांची गरोदर होती, आणि पहाटे ग्रीन पार्कातून चालत घरी गेली. वाटेत गवतावर बेघर माणसे निजलेली होती, असे तिने नंतर लिहून ठेवले आहे.

तेव्हा ताई, वाक्य असे करा: 'पाहुण्यांनी ऐतिहासिक सोंगे आणली होती.' सोंग 'आणतात' किंवा 'घेतात', 'घालत' नाहीत. घालतात तो पोशाख. गंभीर लेखात सोंग नको असेल तर 'ऐतिहासिक पोशाखातला नृत्यसमारंभ' म्हणा, कोणी काही म्हणणार नाही. नाचाच्या 'बॉल'ला 'चेंडू' म्हणू नका, एका भाषांतरात मी तो वाचलेला आहे.

हां, वेश की वेष राहिलेच. ष लिहा. अमरकोशात आकल्प, नेपथ्य, प्रसाधन यांच्या पंगतीत वेष बसला आहे, विष् धातूचा. श-वाला वेश विश् म्हणजे शिरणे यावरून, प्रवेश आणि वेश्या त्याची नातलग. व्यवहारात दोन्ही चालतात, छापतातही, पण 'वेष असावा बावळा, अंगी नाना कळा' या म्हणीत मी तरी ष च लिहितो. आणि नेपथ्य म्हणजे मुळात रंगभूषा-वेषभूषा, रंगमंचावरचे टेबल-खुर्ची नव्हे. पण त्यावर पुढच्या वेळी.