बोर्ड किती उंचीवर? आधी आईंना खुर्चीत बसवून बघा

तुम्ही लिहिलंय की पॅरालिसिसनंतर आई व्हीलचेअरवर आहेत, डावा हात चालत नाही, फ्लॅटचं वायरिंग नव्यानं होतंय आणि वायरमन बोर्ड साडेचार फुटांवर, खालचे प्लग स्कर्टिंगला (भिंतीच्या तळाच्या पट्टीला) चिकटून लावायचे म्हणतो, कारण 'सगळीकडे असंच असतं'. खरंय, असंच असतं. साइटवर माझी वीसेक वर्षं गेली. त्यातली बरीचशी मीही हेच करत होतो.

आकडे हवेत तर हे घ्या. इंग्लंडमध्ये नव्या घरात स्विच आणि सॉकेट तयार फरशीपासून ४५० ते १२०० मिमीच्या पट्ट्यात घ्यावे लागतात. अमेरिकेच्या नियमात १५ ते ४८ इंच. वायरमनला सांगताना एवढंच सांगा: दीड फुटाच्या खाली काही नको, चार फुटांच्या वर काही नको.

तुमच्याकडे मी दिव्या-पंख्याचे बोर्ड साडेतीन फुटांच्या आतच घेईन, दाराच्या कडीच्या रेषेत. हात कडीकडे जातो, तिथेच स्विच सापडतो. प्लग मात्र दीड फुटावर नकोत, दोन-सव्वादोन फुटांवर घ्या. खुर्चीतून वाकून एका हातानं १६ अँपिअरचा घट्ट पिन उपटून बघा एकदा, दुसऱ्या हातानं भिंतीला रेटा न देता. मग कळेल मी का म्हणतोय ते. नातवंडं येत-जात असतील तर शटरवालेच सॉकेट घ्या, म्हणजे पिन नसताना भोकं आतून बंद राहतात.

आता खरी गोची मापात होते. माझ्याच एका कामात आम्ही स्लॅबवरून माप घेऊन बॉक्स बसवले. नंतर कोबा आणि फरशी मिळून तीन इंच चढले आणि दीड फुटाचे प्लग सव्वा फुटावर आले. भिंत पुन्हा फोडली, पैसे माझ्या खिशातून. म्हणून आधी तयार फरशीची लेव्हल भिंतीवर मारून घ्या आणि सगळी मापं तिथून वर मोजा. दुसरं, 'चार फूट' म्हटलं की वायरमन बॉक्सची खालची कड धरतो. बोर्ड दोन ओळींचा असला की वरची ओळ चार फुटांच्या पुढे जाते. माप सगळ्यात वरच्या स्विचचं धरायचं.

कोपरा टाळा. खुर्चीची पाय ठेवायची पट्टी आधी भिंतीला टेकते आणि हात वीतभर अलीकडेच राहतो. इंग्लंडमध्ये सार्वजनिक इमारतींत सॉकेट कोपऱ्यापासून किमान ३५० मिमी लांब ठेवायला सांगतात ते यासाठीच. तसंच दाराच्या पल्ल्यामागे किंवा कपाटाच्या आड गेलेला बोर्ड कितीही 'बरोब्बर' उंचीवर असला तरी उपयोग शून्य.

स्वयंपाकघरात आई मिक्सर लावणार असतील तर ओट्यामागचा बोर्ड विसरा. ओटा दोन फूट खोल असतो, त्यावरून बसल्या बसल्या हात पुरत नाही. अमेरिकन नियमातही २० ते २५ इंच खोलीच्या अडथळ्यावरून हात न्यायचा असेल तर ४८ ऐवजी ४४ इंचच धरतात, आणि तेही दोन्ही हात धड असलेल्या माणसाचं माप आहे. ओट्याच्या बाजूच्या भिंतीवर पुढच्या कडेजवळ, नळापासून लांब पॉइंट काढा.

पलंगाचा बोर्ड उजव्या हाताला हवा, म्हणजे पलंग कुठल्या भिंतीला आणि डोकं कुठे हे आजच ठरवा. त्यात टू-वे दिवा (दारापाशी आणि पलंगापाशी दोन्हीकडून चालू-बंद होणारा), पंखा आणि बेल. भिंत पांढरी असेल तर प्लेट करडी घ्या, रात्री चटकन दिसते.

बाथरूममध्ये गिझरचा स्विच बाहेर, त्याच साडेतीन फुटांच्या रेषेत. आणि एक बेल खाली हवी. इंग्लंडमध्ये अपंगांच्या स्वच्छतागृहात मदतीची बेल वाजवायची लाल दोरी फरशीपासून जेमतेम १०० मिमीपर्यंत खाली सोडतात, कारण पडलेल्या माणसाचा हात तेवढाच पोचतो. आपल्याकडे अशी दोरी लावली की फरशी पुसताना कोणीतरी ती वर गुंडाळून ठेवतं, त्यामुळे कमोडजवळ वीतभर उंचीवर वायरलेस वॉटरप्रूफ बटण चिकटवा.

भिंत फोडण्याआधी आईंना त्यांच्याच खुर्चीत बसवून प्रत्येक खोलीत फिरवा. उजवा हात सहज, खांदा न उचलता जिथे टेकेल तिथे खडूनं फुली मारा. माझे आकडे आणि त्यांची फुली जुळली नाही तर फुली धरा. वायरमन कुरकुरेल. दोन फुल्यांचे फोटो इथे टाका, पुढचं बघू.