मुलांचं पोर्ट्रेट आणि घरभराचे अभिप्राय

"ताई, मी पोर्ट्रेट करते. एका कुटुंबाने त्यांच्या दोन मुलांच्या तैलचित्राची ऑर्डर दिली आहे. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार. मुलं एका जागी बसत नाहीत म्हणून फोटोंवरून करते आहे. हौसेने मी रोजच्या कामाचे फोटो त्यांच्या आईला पाठवत गेले आणि तिने ते घरच्या ग्रुपवर टाकले. आता आजी म्हणते धाकट्याचं नाक त्याचं नाहीच. बाबांना मुलगी मोठी वाटते. आत्याला मुलीचा रंग उजळ करून हवाय. मुलाचे ओठ इतक्यांदा बदललेत की तिथे नुसता चिखल झालाय. चित्रकार मैत्रिणींना विचारलं तर बऱ्याच जणी 'सुंदर!' म्हणून गप्प बसतात आणि एक म्हणते रचनाच बदल. अ‍ॅडव्हान्स परत करून मोकळं व्हावंसं वाटतं. लोकांना विचारणं बंदच करू का?
– थकलेली चित्रकार"

प्रिय मैत्रीण,

विचारणं बंद करू नकोस. फक्त ते ओठ आठवडाभर तसेच राहू देत. अर्धवट वाळलेल्या तैलरंगावर पुन्हा पुन्हा ब्रश फिरला की खालचा रंग वर येतो आणि सगळं मळकट होतं. रंग अजून ओला असेल तर पॅलेट नाइफने हलकेच खरवडून काढ. नसेल तर नीट वाळू दे आणि मग नव्याने बस. तोवर आपण बाकीच्यांचं बोलू.

घरच्यांची मतं वाचताना मला वाटलं, यातलं जवळजवळ प्रत्येक मत खरं आहे. फक्त त्यांनी सांगितलेला उपाय तू जसाच्या तसा अमलात आणते आहेस. पेशंट कुठे दुखतंय ते सांगतो, निदान डॉक्टरने करायचं असतं. 'मुलगी मोठी वाटते' हे दुखणं झालं. कारण तू शोधायचं, कारण ते ओळखण्याचं शिक्षण तुझं आहे, बाबांचं नाही.

मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. लहान मुलांचे त्याच्या खाली असतात, कारण कपाळ आणि कवटी मोठी आणि हनुवटी, जबडा अजून छोटा असतो. आपला हात मोठ्यांचे चेहरे काढून सरावलेला, तो नकळत डोळे मध्यावर नेऊन ठेवतो आणि मूल दोन-चार वर्षांनी मोठं होतं. त्यामुळे आधी पट्टी घेऊन मोज. मग नाकाच्या कडेने ओठांकडे उतरणारी रेघ बघ. फोटोत ती गडद दिसली तरी चित्रात तेवढीच गडद आली की चेहरा प्रौढ होतो. दातही बघ: एकेक दात कडा देऊन रंगवला असशील तर हसू मोठ्या माणसाचं दिसतं. दात म्हणजे एकच उजळ आकार, त्यात जिथे खरोखर फट आहे तेवढीच दाखवायची.

आजीचंही बरोबर असणार. जवळून काढलेल्या फोनच्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे सरकतात. आजी नातवाला खोलीच्या दुसऱ्या टोकाहून येताना रोज बघते; तू कॅमेऱ्याला दिसलेलं नाक रंगवलंस. मुलांच्या आईकडून दोन-तीन मीटरवरून झूम करून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला फोटो मागव. वरून काढलेल्या फोटोत कपाळ मोठं आणि हनुवटी नाहीशी होते, आणि मुलांचे बरेचसे फोटो मोठ्यांच्या उंचीवरूनच निघतात. दोघांचे फोटो वेगवेगळ्या वेळचे असतील तर प्रकाश एकाच बाजूने येतोय का तेही तपास, नाहीतर पुढचं मत येईल, 'दोघं शेजारी बसल्यासारखी वाटत नाहीत.'

ओठांबद्दल एक शंका येते. हसणाऱ्या ओठांवर तू गंभीर डोळे तर ठेवले नाहीस ना? हसताना गाल वर सरकतात आणि खालची पापणी किंचित उचलली जाते. ते नसलं की बघणारा ओठांकडे बोट दाखवतो, आणि आपण ज्यात चूक नाही तेच बदलत बसतो.

आता आत्या. इथे माझं मत ठाम आहे. मुलीचा रंग उजळ करू नकोस. फोटो अंधारात काढलेला असेल तर दिवसाच्या उजेडात तिला प्रत्यक्ष बघून ये आणि दिसेल तोच रंग लाव. तो उजळ निघाला तर उजळ, सावळा तर सावळा. हे चित्र वर्षानुवर्षं भिंतीवर राहणार आहे आणि ती मुलगी त्याच्यासमोर वाढणार आहे. आपला रंग आपल्याच माणसांनी पैसे देऊन बदलून घेतला हे तिला एक दिवस कळेल. आईला शांतपणे सांग, 'तिचा रंग जसा आहे तसाच सुंदर येईल, तो मी बदलणार नाही.' यासाठी ऑर्डर गेली तर जाऊ दे.

रचना बदल म्हणणाऱ्या मैत्रिणीला उशीर झालाय. ते मत चारकोलच्या रेखाटनावर मोलाचं होतं, तेव्हा एका हाताने पुसता आलं असतं. शिवाय मुलांच्या चित्राची रचना सगळ्यांना पटायलाच हवी असंही नाही. जॉन सिंगर सार्जंट या अमेरिकन चित्रकाराने 1882 मध्ये बॉइट कुटुंबाच्या चार मुली रंगवल्या. एक जमिनीवर बसलेली, एक बाजूला एकटी उभी, दोघी मागे सावलीत, त्यातल्या एकीचा चेहरा जेमतेम दिसतो. तेव्हा कित्येकांना ते विचित्र वाटलं. त्याच मुलींनी 1919 मध्ये ते चित्र वडिलांच्या स्मरणार्थ बॉस्टनच्या संग्रहालयाला दिलं.

मैत्रिणींना 'कसं वाटतंय?' विचारलंस तर 'सुंदर!'च येणार. 'डावा डोळा उजव्यापेक्षा वर गेलाय का?', 'आधी नजर कुठे जाते?' असं विचार. आणि दाखवण्याआधी मुलांच्या आईवडिलांची परवानगी घे. चेहरे त्यांच्या मुलांचे आहेत. कुणी जवळ नसेल तेव्हा चित्र आरशात बघ, लांब जाऊन बघ, कृष्णधवल फोटो काढून छायाप्रकाश बघ. आरशाचा आणि लांब जाण्याचा सल्ला लिओनार्दो द व्हिंचीनेही लिहून ठेवला आहे. त्याचंच आणखी एक सांगणं आहे: प्रत्येकाचं मत धीराने ऐकावं, दोष खरा आहे का ते तोलावं, खरा असेल तर सुधारावा, नसेल तर ऐकलंच नाही असं दाखवावं.

यात एक जण राहिली, ती आठ वर्षांची मुलगी. तिला विचारलंस का? या वयाची मुलं फार बारकाईने बघतात. भुवईवरचा व्रण राहिला, भाऊ आपल्यापुढे का बसलाय, हे तीच सांगेल. तिचं ऐकच.

रोजचे फोटो पाठवणं मात्र आजपासून बंद. तैलचित्र मधल्या टप्प्यांवर कुरूप दिसतं. ते तुला माहीत आहे, आत्याला नाही. मुलांच्या आईला असं लिही: 'सगळ्यांच्या सूचना वाचल्या, त्यातून उपयोगी गोष्टी मिळाल्या. आता मी शांतपणे काम करते. चेहरे पूर्ण झाले की तुम्ही दोघं आणि मुलं प्रत्यक्ष बघायला या. घरच्यांशी बोलून सगळ्या दुरुस्त्या एकत्र, एकाच यादीत द्या, त्या मी करून देईन.' फोनवर नाही, प्रत्यक्षच; फोटोत त्वचेचे रंग फसवतात आणि ओल्या रंगावर चकाकी येते.

पुढच्या ऑर्डरला हे आधीच ठरव: रेखाटनाला होकार मिळाल्याशिवाय रंग नाही, आणि होकारानंतर पोझ किंवा कपडे बदलायचे तर वेगळे पैसे. हे बोलायला संकोच वाटतो, पण घरच्यांनाही त्याने बरंच वाटतं, कारण कधी बोलायचं ते त्यांना कळतं.

अ‍ॅडव्हान्स ठेव. आधी पट्टीने मुलीचे डोळे मोज, मग नव्या फोटोवरून धाकट्याचं नाक, आणि सर्वांत शेवटी ओठ. नाक आणि डोळे जागेवर आले की ओठांना किती कमी हात लावावा लागतो ते मला नक्की कळव.

– तुझी ताई