दोन डीसी मायक्रोग्रिड वेगवेगळ्या नीट चालतात, मग जोडल्यावर एका ट्रिपमध्ये दोन्ही का कोसळतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत अ आणि ब अशा दोन शेड. प्रत्येकावर सोलर-बॅटरीवरची ३८० व्होल्टची डीसी मायक्रोग्रिड (स्वतःपुरतं छोटं वीजजाळं), बसवर, म्हणजे सगळे सोर्स आणि लोड जिथे जोडलेत त्या सामायिक वाहिनीवर, २००० मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर, १० किलोवॅट लोड आणि २० अँपिअर मर्यादेचे दोन सोर्स कन्व्हर्टर. मध्ये १०० मीटर १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि दोन्ही ग्रिड जोडणारा टाय कन्व्हर्टर. ब शेडचा एक कन्व्हर्टर दुरुस्तीला गेल्यामुळे अ शेडकडून ब ला ३ किलोवॅट सेट करून दिले. आयगेनव्हॅल्यू सगळ्या डाव्या बाजूला, म्हणजे लहान धक्क्यांपुरती सिस्टिम स्थिर, लहानसहान लोड चालू-बंद केल्यावर काही होत नाही. पण अ चा एक कन्व्हर्टर ट्रिप झाला की आधी अ बसते, पाठोपाठ ब.

आधी एक संशय बाजूला करू. बहुतेक जण तुम्हाला केबलमुळे ऑसिलेशन होतंय, कॅपॅसिटर वाढवा असं सांगतील. तुमचं लोड म्हणजे मोटर चालवणारे ड्राइव्ह आणि एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय), म्हणजे स्थिर पॉवर घेणारं. व्होल्टेज पडलं की ते जास्त करंट ओढतं. लहान बदलापुरतं बघितलं तर ते उणे रोधासारखं वागतं, आणि १० किलोवॅटला ३८० व्होल्टवर हा रोध उणे १४ ओहमच्या आसपास येतो. केबलचा जाऊन-येऊन रोध साधारण ०.२२ ओहम, इंडक्टन्स ६५ मायक्रोहेन्री धरू. स्थैर्यासाठी रोध भागिले इंडक्टन्स हे, पॉवर भागिले (कॅपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग) यापेक्षा मोठं हवं. यातून किमान कॅपॅसिटन्स निघतो जेमतेम २० मायक्रोफॅरड. ब्रेटन आणि मोझर यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या मिश्र विभव सिद्धांतातून मोठ्या धक्क्यासाठीही अशीच अट मिळते. फरक इतकाच, की नेहमीच्या व्होल्टेजऐवजी धक्क्यात व्होल्टेज जिथपर्यंत खाली जाईल तो आकडा घालायचा. २५० व्होल्ट घातले तरी उत्तर ४७ मायक्रोफॅरड. तुमच्याकडे २००० आहेत. केबल निर्दोष आहे.

खरं दुखणं करंट लिमिटमध्ये आहे, आणि ते तुमच्या आयगेनव्हॅल्यूंना दिसूच शकत नाही. तुम्ही ड्रूपवर (करंट वाढला की व्होल्टेज थोडं कमी करण्याच्या पद्धतीवर) चालणारा कन्व्हर्टर रेषीय धरलात. त्या मॉडेलमध्ये लिमिटर नाही. मोठ्या धक्क्यात मात्र कन्व्हर्टर काही मिलिसेकंदांत मर्यादेला टेकतो आणि व्होल्टेज सांभाळणारा सोर्स राहत नाही, नुसता ठरावीक करंट देणारा होतो. एकीकडे ठरावीक करंटचा सोर्स, दुसरीकडे ठरावीक पॉवरचं लोड: या जोडीला एकच समतोल असतो आणि तो अस्थिर असतो. त्याचं व्होल्टेज म्हणजे एकूण पॉवर भागिले एकूण करंट मर्यादा. बसचं व्होल्टेज याच्या वर असेल तर चढतं, खाली गेलं तर खालीच जात राहतं. मी याला कडा म्हणतो. माझ्या मते जोडलेल्या मायक्रोग्रिडमध्ये सगळ्यात आधी काढायचा आकडा हाच.

आता तुमचे आकडे घाला. अ शेड एकटी असताना १० किलोवॅट भागिले ४० अँपिअर, कडा २५० व्होल्टवर. ब ला ३ किलोवॅट द्यायला लागल्यावर १३ भागिले ४०, म्हणजे ३२५. जोडणी केली त्या क्षणी कडा ७५ व्होल्टनी वर सरकला, आणि कुठल्याही मीटरवर हे सरकणं दिसलं नाही. बाहेरून सगळं आलबेल. मग एक कन्व्हर्टर ट्रिप होतो: १३ भागिले २०, ६५० व्होल्ट. हा तर बसच्या व्होल्टेजच्याही वर! तिथून व्होल्टेज पडणारच. साडेपाच ते सात किलोवॅटची तूट कॅपॅसिटर भरून काढतात, पण ३८० पासून ३०० पर्यंत त्यांच्याकडे आहेत फक्त ५४ जूल. सुमारे नऊ मिलिसेकंदांत खेळ संपतो. अ बसली की ब चे आयात होणारे ३ किलोवॅट जातात. तिच्याकडे उरतो एक कन्व्हर्टर: १० भागिले २०, ५०० व्होल्ट. तीही जाते.

म्हणून उपाय कॅपॅसिटर वाढवण्यात नाही. दुप्पट केलेत तर वेळ दुप्पट मिळेल, कडा जागचा हलणार नाही.

पहिला बदल टाय कन्व्हर्टरच्या कंट्रोलमध्ये करा. ‘३ किलोवॅट म्हणजे ३ किलोवॅट’ ही सेटिंगच घातक आहे, कारण शेजारची शेड तुमच्यासाठी आणखी एक स्थिर पॉवरचं लोड होऊन बसते, तेही असं की अडचणीच्या वेळी जास्त करंट ओढणारं. निर्यात व्होल्टेजवर अवलंबून ठेवा: ३६० ला पूर्ण, तिथून कमी होत ३४० ला शून्य. या पट्ट्यात टाय उलट धन रोधासारखा वागतो आणि उरलेल्या लोडचा उणेपणा खाऊन टाकतो. हा निर्णय टायने स्वतःच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज बघून घ्यायचा. दोन शेडमधल्या कम्युनिकेशनची वाट बघू नका, नऊ मिलिसेकंदांत तो निरोप पोहोचेल याचा भरवसा धरता येत नाही.

दुसरं, लोड काढणं. याबाबतीत मी आग्रही आहे, कारण इथेच लोक सगळ्यात उशीर करतात. निर्यात बंद झाल्यावरही अ कडे १० किलोवॅट लोड आणि २० अँपिअर आहेत, म्हणजे कडा ५०० वर. ४ किलोवॅट काढले की ६ भागिले २०, कडा ३०० वर येतो. हे ४ किलोवॅट ३४० व्होल्टला काढलेत तर सोर्स ६.८ किलोवॅट देतोय, लोड ६ आहे, व्होल्टेज सावरतं. तेच ४ किलोवॅट २९० ला काढलेत तर सोर्स ५.८ देतोय आणि बस पडतच राहते. लोड तितकंच काढलं, फक्त ५० व्होल्ट उशिरा, आणि शेड गेली. ड्राइव्हच्या आतलं अंडरव्होल्टेज ट्रिप याच कारणाने पुरेसं नसतं. ते ड्राइव्ह वाचवण्यासाठी असतं, ग्रिड वाचवण्यासाठी नाही. शिवाय सगळे ड्राइव्ह एकाच व्होल्टेजला सुटतात, बस उसळते, सगळे एकदम परत येतात आणि पुन्हा तेच. परत घेताना लोड एकेक करून, मध्ये वेळ ठेवून आणि ३६५ च्या वर व्होल्टेज टिकल्यावरच घ्या.

कोणते ४ किलोवॅट हे तुम्हीच ठरवा. कॉम्प्रेसर, ओव्हन, कूलर आधी. मशिनवर जॉब लागलेला स्पिंडल आणि कंट्रोल पॅनेल शेवटी. ब शेडलाही हाच नियम, तिथेही आयात तुटल्यावर ६ किलोवॅटपर्यंत यावं लागेल.

शॉर्ट सर्किटचा विषय वेगळ्या उत्तराचा आहे. इतकंच सांगतो की डीसीत करंट आपोआप शून्यातून जात नाही, त्यामुळे एसीचा ब्रेकर तिथे चालत नाही, आणि टायने दोष दिसताच मायक्रोसेकंदांत स्विचिंग थांबवलं पाहिजे. नाहीतर चांगल्या शेडचे कॅपॅसिटरही त्याच दोषात रिकामे होतात.

सिम्युलेशनमध्ये लिमिटर, अंडरव्होल्टेज ट्रिप आणि टायची ही नवी रेषा घाला. मग सोर्स ट्रिप करून लोड काढायला किती उशीर चालतो ते शोधा: उशीर थोडा थोडा वाढवत न्या, जिथे व्होल्टेज परत येईनासं होतं तो तुमचा खरा मार्जिन. दोन ग्रिडसाठी लायपुनोव फंक्शन (स्थैर्य गणिताने सिद्ध करणारं फंक्शन) शोधत महिने घालवू नका. त्यातून येणारी सीमा बहुधा गरजेपेक्षा फार आखूड निघते, आणि तुमच्या कामाला हा साधा शोध पुरतो.

हे मी इतक्या तपशिलात लिहितोय कारण २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता आणि जिल्ह्यात कितीतरी ठिकाणी वीज दिवसेंदिवस नव्हती. अशा वेळी एकमेकांना हात देणाऱ्या मायक्रोग्रिड कोल्हापूरला खरोखर हव्या आहेत, पण त्या जोडलेल्या असतानाच टिकल्या पाहिजेत.

ब चा कन्व्हर्टर दुरुस्त होऊन आला की हिशेब पुन्हा करा. तेव्हा ब कडे ४० अँपिअर असतील आणि अ च्या ट्रिपमध्ये ती मदत करू शकेल. पण ४ किलोवॅट दिलेत तर ब चा कडा १४ भागिले ४०, ३५० वर जाईल. मी २ किलोवॅटवर थांबलो असतो: ब चा कडा १२ भागिले ४०, ३०० वर. अ ला २ किलोवॅट बाहेरून, २ किलोवॅट लोड काढून, उरले ६ भागिले २०, तेही ३०० वर.