घास देणाऱ्याचा हात आत का जातो?

प्रश्न : सोयाबीन काढताना थ्रेशरवर (मळणी यंत्रावर) घास द्यायला, म्हणजे काड आत सारायला, सवयीचाच माणूस असतो. 'हात आत नेऊ नको' हे रोज बजावतो, तरी जीवाला घोर लागतो. आणखी काय करावं?
– एक शेतकरी, ता. मानोरा, जि. वाशीम

उत्तर : बजावणं पुरत नाही, कारण हात निष्काळजीपणानं जात नाही. गंजीच्या तळचं काड ओलं असतं, ड्रम (मशीनच्या आतला मळणी करणारा फिरता भाग) ते ओढत नाही, मागून घास येतच राहतो. मग माणूस ढकलतो. ड्रम मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर हात मागे घ्यायला लागणाऱ्या पाव सेकंदात अडीच फेरे होऊन जातात. तिथं अनुभव वाचवत नाही, अंतर वाचवतं.

म्हणून आधी टेपनं मोजून घ्या. घास टाकायचा पत्रा किमान ९० सेंमी लांब, त्यातला ड्रमकडचा ४५ सेंमी भाग वरून झाकलेला हवा. घास पटपट जावा म्हणून हे झाकण काढलेलं असेल, तर ते बसवल्याशिवाय मशीन सुरू करू देऊ नका. ओलं काड बाजूला वाळवा. घास देणारा तासातासाला बदला.

काड अडकलं तर ट्रॅक्टर बंद, चावी काड काढणाऱ्याच्याच खिशात, आणि ड्रम थांबलेला डोळ्यांनी पाहूनच हात. त्या आवाजात हाक ऐकू जात नाही. ट्रॅक्टरवाल्याशी हाताची खूण आधीच ठरवा.